श्वासवेल बंद केल्यावर

"ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी श्वासवेल बंद," डॉक्टर समीना मुजावर म्हणाल्या आणि केतकी घाबरून खुर्चीत पुढे सरकली.

पित्ताशय काढायचं आहे हे कळल्यावर ती एवढी घाबरली नव्हती. दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. पण श्वासवेल बंद?

"अहो डॉक्टर, ते औषध नाहीये. वनस्पतीचं आहे. डब्यावर 'पूरक आहार' असंच लिहिलंय."

"वनस्पतीचं आहे म्हणूनच बंद करायचं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातली द्रव्यं भुलीच्या औषधाशी कशी वागतील, रक्तदाब पाडतील की रक्तस्राव वाढवतील, हे मला माहीत नाही. कंपनीने तपासलंच नसेल तर मला कुठून कळणार? मी तर लसणाच्या गोळ्यासुद्धा थांबवायला लावते. तुम्ही शिंकाल, डोळे चोळाल. त्यासाठी नाकातला स्प्रे देते. पण कॅप्सूल नको."

केतकी मिरजेच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडली ती नाकाला रुमाल लावूनच. फाटकाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गाजरगवत छातीएवढं वाढलं होतं आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर ऊन चमकत होतं. पूर्वी हा फुलोरा पावसाळ्यानंतर यायचा आणि थंडीत ओसरायचा. हवेतला कार्बन वाढला, हिवाळे उबदार झाले, तसं त्या गवताचं फावलं. आता ते जवळजवळ वर्षभर फुलत होतं. रोजच्या बातम्यांत तापमानाशेजारी परागकणांचा आकडा यायचा आणि आकडा लाल असला की शाळा मुलांना मैदानावर सोडत नसत.

त्या आकड्यानेच केतकीची नोकरी घेतली होती. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. दुसरीच्या वर्गासमोर उभं राहून एक ओळ वाचायची आणि लागोपाठ शिंका सुरू व्हायच्या. पापण्या सुजायच्या, घसा आतून खाजायचा. ॲलर्जीच्या साध्या गोळीने दुपारी तिला टेबलावर डोकं टेकून झोप लागायची. एकदा मुख्याध्यापिकांनी तिला तसं पाहिलं. तिने राजीनामा दिला आणि खिडक्या बंद करून घरात बसली.

तेव्हा मंदार, तिचा नवरा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका वनौषधी कंपनीत मुख्य रसायनतज्ज्ञ होता. चांदोलीच्या जंगलालगतच्या वाड्यांमधले लोक नाक वाहायला लागलं की रानधुपा नावाच्या वेलीची दोन पानं चघळतात, हे त्याने ऐकलं होतं. मंदारने त्या पानांतलं काम करणारं द्रव्य वेगळं काढलं, ते जास्त देणारी रोपं प्रयोगशाळेत वाढवली आणि टोपलीभर पानांचा अर्क एका कॅप्सूलमध्ये बसवला. पहिला डबा तो घरी घेऊन आला. आठवड्याभरात केतकीने खिडक्या उघडल्या. महिन्याने ती शाळेत परत गेली. तिने बाल्कनीत उभं राहून मोठा श्वास घेतला होता आणि मंदारला घट्ट मिठी मारली होती, हे तिला अजून आठवत होतं.

पुढच्या दोन वर्षांत श्वासवेल निम्म्या सांगली जिल्ह्यात पोचली. घरात मंदार घ्यायचा, केतकी घ्यायची, मंदारचे वडील नाना घ्यायचे, आणि नानांना सांभाळायला येणाऱ्या वर्षालाही मंदारने डबा दिला होता. आता फक्त केतकीची कॅप्सूल थांबली.

पहिले काही दिवस नुसत्या शिंका आल्या. मग एका सकाळी ओटा पुसताना तिचा हात थबकला.

हातातलं फडकं बुळबुळीत होतं. त्याला वास येत होता. तसा वास रोजच येत असणार, तिला तो ओळखीचाही वाटला. पण आज तो नाकातून सरळ पोटात उतरला आणि तोंडात मळमळीचं पाणी आलं. तिने फडकं सिंकमध्ये टाकलं. सिंकच्या जाळीत भाताचा आणि केसांचा लगदा साचून काळा पडला होता. तिने फ्रिज उघडला. दह्यावर गुलाबी बुरशीची साय होती, आणि त्या दह्यात चमच्याने खणलेला ताजा खड्डा होता. काल तिनेच त्यातलं दही कोशिंबिरीत घातलं होतं.

ती बेसिनपाशी धावली आणि ओकली. बेसिनच्या कडेला पिवळट थर होता. तो पाहून तिला दुसऱ्यांदा उलटी झाली.

"काय झालं गं?" मंदार मागे येऊन उभा राहिला. त्याच्या शर्टाच्या कॉलरवर मळाची रेघ होती, नखं काळी होती.

"हे घर... मंदार, हे घर बघ ना. आपण असे कधी राहायला लागलो?"

मंदारने इकडेतिकडे पाहिलं. "थोडा पसारा आहे. तुझं पित्त वाढलंय, म्हणून मळमळतंय. पड जरा."

त्याने शांतपणे तेच दही वाटीत घेतलं, साय बोटाने बाजूला सारली आणि पोळी बुडवून खायला लागला. मचमच चावण्याचा आवाज येत होता. केतकीने तोंड फिरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्याच्याकडे बघवत नाही असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दिवसभर ती घासत राहिली. उशीचे अभ्रे काढले तर आतल्या कापसावर चट्टे. पाण्याच्या पिंपात शेवाळ. संध्याकाळी ती मागच्या खोलीकडे वळली आणि दारातच थांबली.

ती खोली नानांची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजमापाचे काटेकोर, इस्त्रीच्या शर्टाशिवाय दारात न येणारे नाना गेल्या वर्षी पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. डाव्या बाजूला जाणीव नव्हती. मधुमेह जुनाच. डाव्या टाचेला छोटी जखम झाल्याचं वर्षाने मागे सांगितलं होतं, आणि केतकी रोज दारातून "बरं आहे ना नाना?" असं विचारत होती. नाना "बरं आहे" म्हणत होते.

खोलीतून जो वास येत होता तो दाराबाहेर एखाद्या माणसासारखा उभा होता. गोडसर, कुजका, जड. केतकीने पदर नाकाशी धरला, आत गेली आणि पांघरूण उचललं.

टाच उरलीच नव्हती. पट्टी मांसात रुतली होती. पावलाचा रंग जांभळ्यावरून काळ्याकडे गेला होता, आणि पट्टीच्या कडेला काहीतरी वळवळत होतं.

केतकी ओरडली. वर्षा स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"वर्षा, हे कधीपासून आहे?"

"वास येतूय की वो ताई, लई दिस झालं," वर्षा अगदी सहज म्हणाली. "पन वासाचं काय एवढं? नाना काय तक्रार करंनात. मी पट्टी बांधतीय की."

वर्षा वाईट बाई नव्हती. नानांना घास भरवताना ती त्यांच्याशी गप्पा मारायची, त्यांचे केस विंचरायची. तिच्या चेहऱ्यावर आत्ताही माया होती. केतकीला तिची भीती वाटली.

"सूनबाई," नाना उशीवरून म्हणाले, "किडे आहेत का गं? मला वाटलंच होतं. सकाळी चादरीवर एक दिसला होता."

त्यांनी ते ऊन-पावसाच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं.

नानांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑपरेशन संपवून डॉक्टर मुजावर बाहेर आल्या तेव्हा केतकी बाकावर बसली होती. तिला समोरचा चहा घेववत नव्हता.

"घरात सगळेच श्वासवेल घेतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी सोडून सगळे. मला तुम्हीच थांबवायला लावली."

डॉक्टर तिच्याशेजारी बसल्या. "गेल्या वर्षभरात माझ्याकडे असे बरेच लोक आले. एक बाई नासलेली मासळी खाऊन आली. शिळ्या दुधाने आजारी पडलेली दोन लहान मुलं. एका घरात पाण्याच्या टाकीत कबूतर मरून पडलेलं, आणि घरातले सगळे तेच पाणी पीत होते. पाण्याला वास येतो हे सगळ्यांना कळत होतं. मी विचारलं, मग का प्यायलात? कुणालाच उत्तर देता येईना. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, कोणती कॅप्सूल घेता."

"पण शिंकांचा आणि याचा काय संबंध?"

"नाकाच्या आणि आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी म्हणून असतात. पहारेकरी समजा. परागकण दिसला की त्या हिस्टामीन सोडतात. मग शिंका येतात, पाणी वाहतं. म्हणजे शरीर म्हणतं, हे बाहेर काढ. श्वासवेल या पेशींना गप्प करते, म्हणून तुमच्या शिंका थांबल्या." डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "पण त्या पेशी फक्त नाकाशीच बोलत नाहीत, मेंदूलाही निरोप पाठवतात. उंदरांवरचे जुने प्रयोग आहेत. अंड्याची ॲलर्जी असलेला उंदीर अंडं मिसळलेल्या पाण्याला तोंड लावत नाही. त्याच्या मास्ट पेशी निकामी केल्या, तर तोच उंदीर ते पाणी पितो. चव कळते, वास कळतो, पण 'नको' हा निरोपच जात नाही. माणसात हे किती खोल जातं, कुणी नीट मोजलेलं नाही. जंगलातली माणसं दोन पानं चघळत होती, तीही चार दिवस. तुम्ही रोज टोपलीभर पानांचा अर्क घेत होतात, दोन वर्षं."

"म्हणजे आम्हाला वास येत होता," केतकी हळू म्हणाली, "फक्त नकोसा वाटत नव्हता."

"माझा तसा अंदाज आहे. सिद्ध करायचं तर कंपनीने आपल्या नोंदी उघड करायला हव्यात. तुमचे मिस्टर तिथेच आहेत ना?"

केतकी घरी आली तेव्हा बैठकीत पाहुणा बसला होता. खोत नावाचा ठेकेदार. शहराच्या भुयारी गटारांच्या सफाईचं काम त्याच्याकडे होतं. माणसाला गटारात उतरवायला कायद्याने बंदी होती, यंत्रं होती, तरी खोतची माणसं उतरायची हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"या वहिनी," खोत पेढ्याचा बॉक्स पुढे करत म्हणाला. "साहेबांनी काय चीज बनवलीय! आधी झाकण उघडलं की पोरं नखरे करायची. मास्क द्या, बूट द्या, आधी मशीन लावा. आता रोज सकाळी हजेरीलाच एकेक कॅप्सूल देतो. बिनतक्रार खाली उतरतात. परवा एक जण वर आला, हात पँटला पुसले आणि तिथंच डबा उघडून बसला!"

तो खो खो हसला. मंदारही हसला. पेढ्यावर खोतच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. केतकीने बॉक्स टीपॉयवर ठेवला आणि खोत जाईपर्यंत खिडकीपाशी उभी राहिली.

"तुला हे माहीत होतं," दार लागल्यावर ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"काय?"

"की किळस जाते."

मंदार सोफ्यावर मागे टेकला. त्याने खोटं बोलायचाही प्रयत्न केला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"सुरुवातीला कारखान्यातल्याच काही जणांना देऊन पाहिली होती. मीही घेत होतो. एक दिवस कॅन्टीनच्या आमटीत पाल निघाली. पाल बाजूला काढून सगळ्यांनी आमटी संपवली. आम्ही हसलो. मग माझ्या लक्षात आलं की यात काहीतरी वेगळं आहे. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, हा तोटा नाही, हा दुसरा धंदा आहे. रुग्णालयं, कचरा डेपो, गटारं."

"आणि ज्यांनी नंतर कॅप्सूल सोडली?"

"त्रास झाला त्यांना. एक जण आठवडाभर जेवला नाही. एक बाई आंघोळच करत राहायची, कातडी सोलेपर्यंत. एकदम परत येतं ना सगळं." तो थांबला. "म्हणून मी सोडली नाही."

"मंदार, हे माहीत असून तू मला दिलीस? नानांना दिलीस?"

"तू रडत होतीस, केतकी. खिडक्या लावून बसली होतीस. मला वाटलं, शिंकेपेक्षा हे बरं. किळस म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? तिचा उपयोग काय माणसाला?"

"नानांचा पाय गेला."

"हो, वाईट झालं," मंदार म्हणाला. त्याचा आवाज खरा होता. त्याला वडिलांबद्दल खरंच वाईट वाटत होतं. तेवढ्यात त्याने पेढा उचलला आणि त्यावरच्या अंगठ्याच्या ठशाकडे बघत तो तोंडात टाकला.

केतकीने बॅग भरली. आधी तिचं ऑपरेशन झालं, मग नानांना घेऊन ती मिरजेतच डॉक्टरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेली. परागकणांचा आकडा लालच होता. स्प्रे नीट मारायला ती शिकली, रोज मिठाच्या पाण्याने नाक धुऊ लागली, आणि जिभेखाली ठेवायच्या थेंबांचा काही वर्षं चालणारा उपचार तिने सुरू केला. तरी सकाळी डोळे सुजलेले असायचे. वर्गातली मुलं तिच्यासाठी बाकावर रुमालांची चळत ठेवायची.

नानांचीही कॅप्सूल बंद झाली होती. पहिल्यांदा त्यांच्या अंगात किळस परतली ती स्वतःचीच. एका दुपारी केतकी त्यांच्या पायाची जखम धूत होती, तेव्हा त्यांनी उजव्या हाताने चादर घट्ट ओढून घेतली.

"नको, सूनबाई. मला लाज वाटते. मला माझीच शिसारी येते. वर्षभर मी कसा पडलो होतो त्या घाणीत, आणि बोललो कसा नाही?"

"तुम्हाला नकोसंच वाटत नव्हतं, नाना."

"तुला येत नाही का किळस? खरं सांग."

केतकीने चादर हळूच सोडवायला घेतली. "येते. रोज येते."

"मग करतेस कशी?"

"किळस येते म्हणूनच रोज करते. येत नव्हती तेव्हा कुठे केलं?"

नानांनी चादरीवरची पकड सैल केली. थोड्या वेळाने म्हणाले, "मंदार आला नाही."

"आला होता. तुम्ही झोपला होतात." मंदार दोनदा येऊन गेला होता. नानांच्या उशाशी बसून फळं कापून ठेवून, केतकीशी हसून बोलून तो गेला होता. जखमेवर माशी बसली तेव्हा ती त्याला दिसली होती, पण त्याने हाकलली नव्हती. हे केतकीने नानांना सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी खोतच्या टोळीतला ओंकार नावाचा तरुण गटारात उतरला आणि वर आलाच नाही. आतला विषारी वायू कुजक्या अंड्यासारखा घाण वास मारतो. तो वास आला की माणूस झटकन मागे सरतो आणि बहुतेकदा तेवढ्यानेच वाचतो. ओंकार मागे सरला नाही. वर उभ्या असलेल्या दोघांनी सांगितलं की त्याने खालून ओरडून कळवलंही होतं, "वास लई मारतोय," आणि त्यानंतरही तो काम करत राहिला.

चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, समोर कंपनीचे लोक. मागच्या खुर्च्यांवर ओंकारची बायको पायल बसली होती. पंचविशीतली, ओठ कोरडे पडलेले. केतकी तिच्या शेजारी जाऊन बसली. ती कोण आहे हे कळल्यावर पायलने खुर्ची सरकवली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, ते आधी घरी आले की तासभर अंगाला साबण लावायचे. मग त्या गोळ्या सुरू झाल्या, तर तसेच येऊन जेवायला बसायला लागले. पोराला तसेच उचलायचे. मी भांडायची. ते म्हणायचे, तुलाच काय झालंय?"

मंदार साक्षीला उभा राहिला. दाढी केलेली, शर्ट नवा, पण तो कालपासून अंगातच असावा असा चुरगळलेला. केतकीला त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसल्या. घरी कधी दोन कॅप्सूल घेतल्या की त्या अशाच व्हायच्या. तिने ओळखलं की त्याने आज एकापेक्षा जास्त कॅप्सूल घेतल्यात.

"श्वासवेल हा पूरक आहार आहे," तो शांतपणे म्हणाला. "त्याने वास घेण्याची क्षमता कमी होत नाही, हे आम्ही तपासलंय. मृताला वास आला होता, हे साक्षीदारच सांगतात. सुरक्षेची साधनं पुरवणं ही ठेकेदाराची जबाबदारी. आमच्या डब्यावर कुठेही सफाईच्या कामासाठी वापरा असं लिहिलेलं नाही."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एका माणसाच्या मरणाबद्दल बोलताना त्याचा आवाज कुठेही अडकला नाही. शेवटी तो मागच्या खुर्च्यांकडे बघून किंचित हसलासुद्धा, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसा. केतकीला उमळून आलं. दह्यावरची बुरशी, टाचेतले किडे, सगळं या हसण्यापुढे फिकं होतं. ते सगळं निदान आपोआप सडलं होतं.

ती उठली. "मला बोलायचंय," तिने अधिकाऱ्यांना सांगितलं. "मी यांची बायको. यांना आणि यांच्या मालकांना हे सुरुवातीपासून माहीत होतं."

तिने आमटीतल्या पालीची गोष्ट सांगितली. मालक काय म्हणाले तेही सांगितलं. नानांच्या पायाबद्दल सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं. मग केतकीबरोबर आलेल्या डॉक्टर मुजावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या रुग्णांबद्दल सांगितलं. कंपनीचा वकील म्हणाला की ही सगळी घरगुती भांडणाची भाषा आहे. अधिकाऱ्यांनी कारखान्यातल्या त्या पहिल्या लोकांना बोलवायचा आदेश दिला.

बाहेर व्हरांड्यात मंदार तिच्यापाशी आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. केतकी अंग चोरून बाजूला झाली. ते तिने ठरवून केलं नव्हतं, अंगानेच केलं होतं. मंदारला त्यात काही लागल्यासारखं दिसलं नाही.

"रागावलीस," तो म्हणाला. "कळतंय मला. घरी ये, बोलू आपण."

तेवढ्यात पायल पुढे झाली. ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली. केतकीला वाटलं, ही आता याच्या तोंडात मारणार. पण पायलने फक्त त्याच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"साहेब, तुम्हाला काहीच कसं नाही वाटलं?"

मंदारने तोंड उघडलं. काहीतरी म्हणायला त्याने ओठ हलवले, आणि मग तो उत्तर शोधत नुसता उभा राहिला.

पुढच्या काही आठवड्यांत श्वासवेलची विक्री तपासणी होईपर्यंत थांबवण्यात आली. खोतवर गुन्हा दाखल झाला आणि तो जामिनावर सुटून आला. शाळेजवळच्या दुकानात रानधुपा घातलेला चहा आलेला केतकीला दिसला. पुडीवर हिरवी वेल, खाली 'शंभर टक्के नैसर्गिक'. दुकानदार म्हणाला की लोक विचारत येतात, काय करणार. तिने ती पुडी डॉक्टरांकडे नेऊन दिली, आणि त्यांनी ती तपासणीला पाठवली.

एका रविवारी सकाळी नाना कुबडीवर उभं राहायचा सराव करत होते आणि केतकी त्यांच्यामागे हात पसरून उभी होती, तेव्हा मंदारचा फोन आला.

"केतकी, मी सोडली." त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "कधीच सोडली. ती पायल म्हणाली ना... तिला काय उत्तर द्यायचं तेच मला सापडेना. म्हणून सोडली. आज सगळं एकदम... मी बाहेर पायरीवर बसलोय. मला घरात जाववत नाही."

पलीकडे तो घशाशी आलेलं गिळत होता.

"मी त्या गादीवर नानांना झोपवलं होतं, केतकी. माझ्या हाताने चादर सारखी केली होती. आणि तो ओंकार... मी चौकशीत उभा राहून हसलो. मी हसलो होतो ना?"

"हो. हसलास."

तो रडायला लागला. नाना कुबडीवरून तिच्याकडे बघत होते. तिने फोनवर हात न ठेवता त्यांना सांगितलं, "मंदार आहे. कॅप्सूल सोडलीय त्याने." नानांनी डोळे मिटले, मग मान हलवली, आणि भिंतीला धरून हळूच खुर्चीत बसले.

"तू ये ना," मंदार म्हणाला. "मला एकट्याला नाही जमणार."

केतकीला त्याची कीव आली. पण त्याचा हात खांद्यावर पडला होता ती जागा अजून आक्रसत होती.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "आधी सगळ्या खिडक्या उघड. मग नानांच्या खोलीपासून सुरुवात कर. गादी मागच्या अंगणात नेऊन जाळ. सगळं झालं की पायलकडे जा, आणि चौकशीत सांगायला हवं होतं ते तिला सांग. मग त्या अधिकाऱ्यांनाही."

"ती दार उघडेल?"

"माहीत नाही. फोन बंद करू नकोस. मी आहे इथे."

मग कडी निघाल्याचा आवाज आला. पावलं आली, थांबली. त्याला जोराची उलटी झाली, दोनदा, तिसऱ्यांदा. केतकीने फोन कानापासून दूर नेला नाही. नानाही ऐकत होते.

मग पलीकडे नळ सुरू झाला, आणि रिकाम्या बादलीत पाणी पडायला लागलं.